शंभरातले किती?

तंजावरमधल्या जुन्या सिनेमाशौकिनाला ‘चित्रपट कसा वाटला’ असे विचारले, तर ‘छान’, ‘बरा’, ‘टाकाऊ’ अशा शब्दांत उत्तर मिळेलच असे नाही. तो क्षणभर आढ्याकडे बघेल, मनाशी काही बेरीज-वजाबाकी करील आणि म्हणेल, “त्रेचाळीस.” हे त्रेचाळीस शंभरापैकी असतात आणि गंमत म्हणजे ते अजिबात वाईट नसतात! शाळेतून त्रेचाळीस टक्के घेऊन आलेल्या मुलाचे आपल्याकडे जे काही स्वागत होते ते आठवले, तर हा हिशेब चटकन पचनी पडत नाही. पण तमिळनाडूत चित्रपटाला चाळिशीत मार्क मिळाले की तो बरा, पन्नाशी गाठली की उत्तम, आणि साठीच्या पुढे गेला तर त्याची आठवण पुढच्या पिढीला सांगायची.

या सवयीमागे आहे ‘आनंद विकटन’ हे साप्ताहिक. परीक्षणाच्या शेवटी शंभरापैकी मार्क देण्याची विकटनची पद्धत वाचकांनी इतकी मनावर घेतली, की कुठल्या चित्रपटाला किती मिळाले हे लोकांना क्रिकेटच्या धावांसारखे तोंडपाठ असायचे. भारतीराजाच्या ‘पदिनारु वयदिनिले’ला १९७७ साली साडेबासष्ट मार्क मिळाले. त्या अर्ध्या मार्कासकट लोक तो आकडा सांगतात! दुसऱ्याच वर्षी महेंद्रन यांच्या ‘मुळ्ळुम मलरुम’ला एकसष्ट मिळाले. दोन्ही चित्रपटांत रजनीकांत होता, म्हणजे आपला शिवाजीराव गायकवाड. पण त्याच्याकडे नंतर येऊ.

विकटन नावारूपाला आणणारे एस. एस. वासन हे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुत्तुरैपूंडीचे. ‘चंद्रलेखा’ काढणारे जेमिनी स्टुडिओचे वासन तेच. विकटनमध्ये ‘कर्नाटकम्’ या टोपणनावाने संगीत, नाटक आणि चित्रपटांवर झणझणीत लिहिणारे कल्की कृष्णमूर्ती हेही तंजावर जिल्ह्यातलेच. कावेरीच्या या टापूत भात चांगला पिकतो, तसे परीक्षकही चांगले पिकत असावेत.

या गावातल्या मराठी माणसांना मात्र हा गुण केवळ कावेरीच्या पाण्यामुळे आला असे म्हटलेले आवडत नाही. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे राज्य स्थापन केले. ते १८५५ साली इंग्रजांनी खालसा केले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांच्या नावावर असलेली मराठी नाटके सरस्वती महाल ग्रंथालयात आजही हस्तलिखितांच्या रूपात आहेत. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केले १८४३ मध्ये. म्हणजे महाराष्ट्रात मराठी नाटकाचा पडदा वर जाण्याच्या कितीतरी आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटक होत होते, आणि नाटक होते म्हणजे ‘आजचे काही जमले नाही’ म्हणणारा प्रेक्षकही असणारच! तमिळमध्ये गाण्याच्या मैफलीत ‘बेष’ आणि ‘सभाष’ अशी दाद देतात. ही दाद त्या दरबारी दिवसांतच तमिळमध्ये रुजली असे मानणारे बरेच आहेत.

आज तंजावरात उरलेली मराठी घरे घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ बोलतात. ती मराठी आपल्याला थोडी जुनी, थोडी तमिळ हेलाची वाटते. राजवाड्याच्या पश्चिमेकडच्या मेल वीथीत असेच एक घर आहे. घर जुने, लांबट, मधे आकाशाचा चौकोन सोडलेले. या घरात १९६८ पासून चित्रपटांना मार्क दिले जातात आणि ते वहीत लिहून ठेवले जातात.

वही सुरू केली अप्पांनी. अप्पा तालुका कचेरीत कारकून होते. कुठलीही गोष्ट नोंदवल्याशिवाय ती घडली असे त्यांना वाटत नसे. दुधाच्या हिशेबाची जुनी वही उलटी करून त्यांनी पहिली नोंद केली ती ‘तिल्लाना मोहनांबाळ’ची. नादस्वरवादक आणि नर्तकी यांच्या प्रेमाची ही गोष्ट मूळची विकटनमध्येच क्रमशः आलेली, कोत्तमंगलम सुब्बू यांची. नायक सिक्कलचा, नायिका तिरुवारूरची. दोन्ही गावे त्या वेळी तंजावर जिल्ह्यातच होती. शिवाजी गणेशन पडद्यावर नादस्वर वाजवतात तेव्हा त्यांची बोटे खरोखर सुरांबरोबर फिरतात की नाही, हे बघायला गावातली नादस्वर जाणणारी मंडळी मुद्दाम गेली होती म्हणे. अप्पांनी अडुसष्ट मार्क दिले.

वही मराठीत आहे, पण लिपी तमिळ. देवनागरी अप्पांना वाचता यायची, हात मात्र तमिळ अक्षरांना सरावलेला. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर! त्यामुळे ‘शेवट गोड’ असा शेरा वाचताना ‘शेवट कोड’ असाही वाचता येतो, आणि घरातली मुले तो मुद्दाम तसाच वाचतात.

मार्क देण्याची पद्धत ठरलेली होती. चित्रपट बघून आल्यावर पाय धुऊन सगळे ताकभाताला बसायचे. पहिला घास घेण्याआधी अप्पा विचारायचे, “शंभरातले किती?” विचारायचे ते सगळ्यांत लहानापासून. मोठ्याने आधी आकडा सांगितला तर लहान तोच आकडा सांगतात, हे अप्पांनी कचेरीत पुरेपूर पाहिले होते. तहसीलदाराचे मत आधी कळले की सगळ्या कारकुनांचे मत एकच होते! म्हणून आधी शेंडेफळ, मग अक्का, मग अण्णा आणि शेवटी स्वतः अप्पा. सरासरी काढून वहीत नोंद.

या यादीत आईचे नाव नव्हते. आई आकडा सांगत नसे. “बरा होता की,” नाहीतर “त्या पोरीचे फार हाल केले हो,” एवढेच म्हणे. अप्पांनी त्याचे मार्कांत रूपांतर करण्याचा प्रयत्न काही दिवस केला आणि मग सोडून दिला. घरच्या बाईने सिनेमाला दिलेले मत सरासरीत धरायचे नाही, असा नियम कुणी केलेला नव्हता. पण तो होता. अशा नियमांना कुणी करावे लागत नाही.

खरे तर वही हे निमित्त होते. अप्पांच्या घरात मोठ्यांपुढे मनातले बोलायची पद्धत नव्हती. नोकरी, लग्न, पैसा यांतले काहीही ‘मला असे वाटते’ म्हणून सुरू करता येत नसे. चित्रपटाबद्दल मात्र अगदी लहानालाही ‘तुला काय वाटले’ असे विचारले जाई. मग माणसे काय करतात? जे बोलायचे असते ते चित्रपटाच्या नावावर बोलून घेतात.

१९७३ साली ‘राजराज चोळन’ आला. तमिळमधला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, आणि तोही तंजावरच्याच राजावर! शिवाजी गणेशन पुन्हा राजाच्या वेषात. या नटाला ‘शिवाजी’ हे नाव मिळाले तेच मुळी अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केली म्हणून, ते पेरियार यांनी दिले. त्यामुळे मेल वीथीतली मराठी घरे त्यांना निम्मे आपले मानायची. गावात उत्साह मावत नव्हता. पण राजराजाने बांधलेल्या मोठ्या देवळात चित्रीकरणाला परवानगी न मिळाल्याने देऊळ सेटवर उभारावे लागले होते. रोज संध्याकाळी खऱ्या देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या अप्पांनी तेवढ्यासाठी दहा मार्क कापले आणि पंचावन्न दिले. हा आकडा समोरच्या घरातल्या तमिळ शिक्षकांच्या कानावर गेला. ते संतापले. ज्या राजाने हे गाव जगाच्या नकाशावर नेले, त्याला पंचावन्न? अप्पा म्हणाले, “मार्क शिवाजी गणेशनना दिलेत. राजराजाला मार्क देणारा मी कोण?” शिक्षकांना ते पटले नाही. तीन आठवडे बोलणे बंद होते. चौथ्या आठवड्यात त्यांचे वर्तमानपत्र आले नाही, म्हणून ते अप्पांचे मागायला आले.

आता अक्काची गोष्ट. घरात सगळे तिला अक्का म्हणतात, तिच्याहून मोठे असलेले अण्णासुद्धा.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये ‘मुळ्ळुम मलरुम’ प्रदर्शित झाला तेव्हा अक्का एकोणीस वर्षांची होती, आणि तिचे लग्न ठरल्यात जमा होते. कुणाशी, तर आईच्या सगळ्यात धाकट्या भावाशी. महाराष्ट्रातल्या वाचकांना मामा-भाचीचे लग्न ऐकून धक्का बसेल, पण दक्षिणेत राहिलेल्या अनेक मराठी घरांनी ही चाल तिथल्यासारखीच स्वीकारलेली होती. मामा माणूस चांगला होता. नोकरी होती, व्यसन नव्हते. ‘नाही’ म्हणायला कारण काय, असे कुणी विचारले असते तर अक्काला सांगता आले नसते. तिला शिक्षिका व्हायचे होते. पण हे कारण होऊ शकते हेच तेव्हा तिला माहीत नव्हते.

चित्रपट भावा-बहिणीचा आहे. वीजकेंद्रात विंच चालवणारा काली, तापट, अडाणी, पण धाकट्या बहिणीवर जीव टाकणारा. रजनीकांतने ती भूमिका अशी केली आहे, की त्याला केवळ स्टाईलचा नट म्हणणाऱ्यांनी ती एकदा बघावी. बहीण वल्ली हिला नव्याने आलेला इंजिनियर मागणी घालतो. कालीचे आणि त्या इंजिनियरचे हाडवैर. शेवटी सारे गाव कालीला सोडून इंजिनियरच्या बाजूने जाते, वल्लीही लग्नासाठी निघते आणि ऐन वेळी धावत परत भावाकडे येते. बहिणीने जगापेक्षा आपल्याला मोठे मानले, या अभिमानाने भाऊ मग आपण होऊन तिचा हात इंजिनियरच्या हाती देतो, आणि तू मला अजूनही आवडत नाहीस, हेही त्याला तोंडावर सुनावतो. थिएटरात टाळ्या थांबत नव्हत्या.

ताकभाताला बसल्यावर शेंडेफळाने पंच्याऐंशी दिले. मग अक्काची पाळी.

“चाळीस.”

“किती?” अण्णांनी विचारले. ते तेवीस वर्षांचे होते आणि वाटेतच त्यांनी रजनीकांतसारखे बोलायला सुरुवात केली होती.

“चाळीस. ती शेवटी परत का फिरली? भावानं हो म्हटलं म्हणून लग्न झालं. त्यानं नाही म्हटलं असतं तर? तिला काय हवं ते तिला कुणी विचारलंच नाही. ती परत फिरली नसती तर मी साठ दिले असते.”

अण्णांनी रागाने पंच्याहत्तर सांगितले. त्यांच्या मते या चित्रपटात बहिणीचे भावावरचे प्रेम होते आणि ते ज्याला दिसत नाही त्याने सिनेमाला येऊ नये. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःचा आकडाही सांगितला नाही. त्या दिवशीची नोंद वहीत आहे: पंच्याऐंशी, चाळीस, पंच्याहत्तर. सरासरी काढलेली नाही. खाली तमिळ अक्षरांत एक मराठी ओळ आहे, ‘अक्काला विचारणे’. त्याखाली पेन्सिलने, वेगळ्या वळणाच्या, जरा वाकड्या अक्षरांत, ‘पन्नास’. ते अक्षर आईचे आहे. वहीभर तिची एवढी एकच नोंद.

अप्पांनी अक्काला खरेच विचारले का? अक्का सांगतात, तोंडाने नाही विचारले. आठ दिवसांनी शिक्षक प्रशिक्षणाचा अर्ज आणून देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि कचेरीत गेले. आईने भावाला पत्र पाठवले, घाई करू नये म्हणून. अण्णा दोन महिने बहिणीशी नीट बोलले नाहीत. मामासमोर घराची मान खाली गेली, असे त्यांना वाटत होते. खुद्द मामा पोंगलला आले. सगळे गप्प गप्प. जेवण झाल्यावर मामांनी अक्काला विचारले, “तू चाळीस दिलेस म्हणे? मी पन्नास दिले असते. दहा मार्कांसाठी मी मनाला लावून घेत नाही.” आणि हात धुवायला उठले. या माणसाला शंभर द्यायला हवे होते, असे अक्का आजही म्हणतात. मामांचे लग्न पुढे कुंभकोणमच्या मुलीशी झाले. अक्का शिक्षिका झाल्या, नोकरी लागल्यावर आपल्या पसंतीने त्यांनी लग्न केले, आणि निवृत्तीनंतर, यजमान गेल्यावर, पुन्हा या घरात राहायला आल्या.

नंतरच्या वर्षांवर वहीत फार काही नाही. घरात दूरदर्शन आले. रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट दाखवत, त्यांत कधीतरी मराठीची पाळी यायची. ती पाळी आली की शेजारपाजारची मराठी घरे जमायची. पहिल्यांदा असा चित्रपट बघून आई म्हणाली होती, “ही माणसं आपलीच भाषा बोलतात, पण किती भरभर!” खालच्या इंग्रजी ओळी वाचून मुलांनी तिला मराठीचा मराठीत अर्थ सांगितला. त्या चित्रपटाला मार्क दिलेले नाहीत. ‘ऐकू आला, कळला नाही’ एवढाच शेरा आहे. १९९५ च्या ‘बाशा’ला एकाच आठवड्यात दोनदा मार्क आहेत, कारण अण्णा दोनदा गेले. २००७ मध्ये ‘शिवाजी’ नावाच्याच चित्रपटात रजनीकांतने काम केले, तेव्हा शिवाजीराव गायकवाडांनी शिवाजी व्हायला इतकी वर्षे का लावली, अशी नोंद आहे. अप्पा तोवर गेले होते. वही अण्णांकडे आली होती.

‘पोन्नियिन सेल्वन’चा पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ रोजी आला, आणि बऱ्याच वर्षांनी सगळे घर एकत्र थिएटरात गेले. कल्कींची ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात त्यांच्या ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः आली होती. दर आठवड्याची पाने कापून, दोऱ्याने शिवून आईने तिचे खंड केले होते. अण्णांनी त्या खंडांची तीन पारायणे केलेली. मणिरत्नम यांना ते माफ करणार नव्हते, हे उघडच होते.

लहानापासून सुरुवात. अण्णांच्या नातीने अठ्ठ्याऐंशी दिले. तिच्या वडिलांनी सत्तर. अक्कांनी साठ. अण्णांनी पस्तीस, म्हणजे काठावर पास. “तेही रहमानच्या संगीताला,” ते म्हणाले.

नातीला मार्कांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची टोचणी होती. एक तर आपल्या गावावरच्या सिनेमात मोठे देऊळ नाही! अण्णांनी समजावले, की गोष्ट घडते तेव्हा राजराजा गादीवरच आला नव्हता. देऊळ पुरे झाले १०१० साली. मग तिने खरी अडचण सांगितली. वर्गातल्या मैत्रिणी म्हणत होत्या, हा आमच्या राजांचा सिनेमा आहे, तुमचे लोक बाहेरून आलेले. तेरा वर्षांची पोर, तंजावरात जन्मलेली, जिच्या आजोबांच्या आजोबांचा जन्मही याच गावचा. तिने विचारले, “या सिनेमात आपण कुठं आहोत?”

“आपण अजून आलेलो नाही,” अक्का म्हणाल्या. “सातशे वर्षं आहेत अजून. इतक्या लांबचं रिझर्व्हेशन मिळत नाही.”

पोरगी हसली. पण अण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन मोठ्या देवळात गेले आणि भिंतीवर कोरलेला तो लांबच लांब मराठी लेख दाखवला, १८०३ साली सरफोजीराजांच्या काळात कोरलेला, भोसले कुळाचा इतिहास सांगणारा. चोळांच्या भिंतीवर मराठी अक्षरे. नातीला देवनागरी शाळेत शिकवलेली नव्हती. तिने अक्षरांवरून नुसता हात फिरवला. वहीत अण्णांनी आपले पस्तीस खोडून अडतीस केले आहेत; ते तीन मार्क कशाचे, ते कळत नाही.

याच्या अगदी उलट प्रसंग आला २०२५ मध्ये. अण्णांची मुलगी पुण्याला दिलेली आहे. फेब्रुवारीत ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि पुण्याच्या विहीणबाई तो थिएटरात तीनदा बघून आल्या. तिन्ही वेळा रडल्या. शिवाजी सावंतांची कादंबरी त्यांनी कॉलेजात वाचलेली. तंजावरच्या व्याह्यांनी तो पाहिला का, हे त्या दर फोनला विचारायच्या. अखेर उन्हाळ्यात घरच्या टीव्हीवर अण्णांनी तो पाहिला. फोन आला. “मग? किती स्टार? पाचपैकी पाच ना?”

“आमच्याकडे शंभरात असतं,” अण्णा म्हणाले. “पासष्ट.”

पलीकडे शांतता. मग, “पासष्ट? संभाजीमहाराजांच्या सिनेमाला पासष्ट? तुम्ही तर भोसल्यांच्या गावचे!”

अण्णांच्या हिशेबी पासष्ट हा फार वरचा आकडा होता. विकटनने ‘पदिनारु वयदिनिले’ला दिले त्याहून अडीच जास्त! पण हे पुण्याला कसे समजावणार? अर्ध्या तासात मुलीचा फोन. दबक्या आवाजात. “अण्णा, नव्वद म्हणून टाका ना. तुमचं काय जातं? इथं जेवणावर तोच विषय चाललाय. तुमच्याकडच्यांना आपल्या राजांचं काही वाटत नाही, असं सासूबाई म्हणतात.”

इथे गोष्ट सिनेमाची राहत नाही. तंजावरात ‘तुमचे लोक बाहेरून आलेले’ आणि पुण्यात ‘तुमच्याकडच्यांना काही वाटत नाही’! तीनशे वर्षे परमुलखात राहून घरात मराठी जपलेल्या माणसाला दोन्हीकडून हेच ऐकावे लागावे, याचा अण्णांना किती त्रास झाला असेल, हे ते सांगत नाहीत. मुलगी सासरी नांदते आहे, पंचवीस मार्कांचा तर प्रश्न. अनेकांनी ते देऊन टाकले असते, आणि त्यात काही चुकले असते असेही नाही. अण्णांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाले, “अप्पांनी राजराजाला पंचावन्न दिले होते. समोरचे मास्तर तीन आठवडे बोलत नव्हते.”

“मास्तर समोर राहत होते. विहीणबाई पुण्यात आहेत,” अक्का म्हणाल्या. “आण तो फोन इकडे.”

अक्कांनी चाळीस वर्षे मुलांना शिकवलेले. त्यांनी पासष्टाचा विषयच काढला नाही. तब्येत, आंबे, पाऊस असे सगळे झाल्यावर सहज विचारले, “ते ‘पोन्नियिन सेल्वन’ बघितलंत का हो तुम्ही? हिंदीतही आलं होतं.”

“बघितलं ना,” विहीणबाई म्हणाल्या. “पण खरं सांगू? मला काही कळलं नाही. किती ती नावं! कोण कुणाचा काका, तेच लक्षात येईना. मी तर मध्येच डुलकी काढली.”

“शंभरात किती द्याल?”

“तुमच्या भाषेत? चाळीस.”

“चाळीस!” अक्का म्हणाल्या. “आमच्या राजराजाला चाळीस? बघा, आम्ही काही बोललो का?”

पलीकडे पुन्हा शांतता, पण या वेळी वेगळी. मग विहीणबाई मोठ्याने हसल्या. मागून मुलीचाही हसण्याचा आवाज आला. हसून झाल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो आधीच विचारायला हवा होता: पस्तीस कापले कशासाठी?

आता अण्णांनी फोन घेतला. दहा मार्क आरडाओरड्याला. पाच संगीताला, रहमानकडून त्यांची अपेक्षा जास्त असते. आणि वीस? वीस, चित्रपट जिथे थांबतो तिथे थांबतो म्हणून. संभाजीमहाराज गेल्यावर राजाराममहाराज कुठे आले? दक्षिणेत, जिंजीला. १६८९ पासून १६९८ पर्यंत मराठ्यांची राजधानी तमिळ मुलखात होती. तेव्हा तंजावरच्या गादीवर होते ते नाटके लिहिणारे शहाजीराजे, संभाजीमहाराजांचे चुलत भाऊ. त्यांनी राजाराममहाराजांना मदत केली. त्यांच्या वडिलांचे, व्यंकोजीराजांचे, १६७७ मध्ये थोरल्या महाराजांशी वाटणीवरून बिनसले, कोल्लिडमच्या काठची भेट अर्धवट टाकून ते रात्रीतून निघून गेले, हे मराठी पुस्तकांत असते. पुढचे कुणी सांगत नाही. “तमिळ सिनेमात आम्ही अजून आलेलो नसतो आणि मराठ्यांच्या सिनेमात आम्ही निघून गेलेले असतो,” अण्णा म्हणाले. “तेवढे वीस मी राखून ठेवलेत. पुढचा भाग कुणी काढला तर देईन.”

विहीणबाईंना जिंजी तमिळनाडूत आहे हे माहीत होते. युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, तेव्हा महाराष्ट्राबाहेरचा तेवढा एकच, हे त्यांनी पुढे जुलैत वर्तमानपत्रात वाचले आणि कात्रण काढून ठेवले. पण राजधानी नऊ वर्षे तिथे होती आणि आपल्या सुनेच्या माहेरच्या गावाचा त्याच्याशी संबंध होता, हे त्या फोनपर्यंत त्यांना कुणी सांगितले नव्हते. फोन पाऊण तास चालला. त्यांनी आपले पाच स्टार काही मागे घेतले नाहीत आणि अण्णांनी पासष्टाचे सहासष्ट केले नाहीत.

डिसेंबरात विहीणबाई तंजावरला यायच्या आहेत. वाटेत जिंजी बघायचे ठरले आहे. तंजावरात मोठे देऊळ, सरस्वती महाल आणि त्या आठवड्यात जो कुठला चित्रपट लागला असेल तो. तमिळ कळणार नाही, अशी त्यांची तक्रार आहे. नातीने शेजारी बसून अर्थ सांगायचे कबूल केले आहे. ताकभाताचा नियमही त्यांना कळवला आहे. विहीणबाई अक्कांपेक्षा तीन वर्षांनी लहान आहेत, तेव्हा आकडा त्यांना आधी सांगावा लागेल.